लुचेने हिरवं दाखवलं

केल्काय बेट, १४ जानेवारी

प्रिय ओविदिओ,

तुझा पेनड्राइव्ह शनिवारच्या लाँचने आला. पाकीट चिंब झालं होतं, पण तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवतोस म्हणून आतलं सगळं कोरडं राहिलं. तुझा सुधारलेला प्रोग्रॅम, ही नवी लुचे, कॉम्प्युटरवर चढली आणि पहिल्याच दमात चालली. मागच्या वेळेसारखा रुसवाफुगवा नाही.

दोन्या एल्सिरा शेजारी वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "झुनिल्दा, हे यंत्र नेमकं करतं काय?" मी सांगितलं, शिंपल्यांचं मांस वाटायचं, त्याचं पाणी या खळग्या-खळग्यांच्या ताटलीत घालायचं, मशीन त्याचा रंग वाचतं, आणि रंगावरून लुचे सांगते की शिंपल्यांत विष किती आहे. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या ओविदिओचा कॉम्प्युटर आमच्याआधी चाखून बघतो. आणि मेला तर?" सगळी मच्छीमार सोसायटी हसली.

आता माझं काम. एक, आकडे फार बारीक छापतोस. इथल्या निम्म्या बायकांना चष्मा नाही आणि उरलेल्या निम्म्यांना आकड्यांशी देणंघेणं नाही. त्या लांबून कागद बघतात आणि विचारतात, "चांगलं का वाईट?" अख्खं पानच रंगव ना. चांगलं असलं तर हिरवं, वाईट असलं तर लाल. दारावर लावलं की होड्यांवरूनसुद्धा दिसेल. दोन, सरकार विष किती चालेल त्याची सीमा मधूनमधून बदलतं, वेगवेगळ्या विषांची वेगळी असते म्हणे. दर वेळी तू वाल्दिवियाहून पेनड्राइव्ह पाठवायचास का? आम्हाला इथे बदलता येत नाही का ती?

आमचा भाऊराया देल्फिन तुला नमस्कार सांगतो. म्हणतो, एवढी मेहनत करून वस्तू फुकट वाटणाऱ्याचं डोकं आधी त्या मशीनमध्ये घालून तपासा. ओर्फेलिनावहिनीने तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणलेत, या पाकिटात मावत नाहीत. मावशीच्या थडग्यावर गवत फार वाढलं होतं, मी आणि देल्फिनने काढलं.

तुझी,
झुनिल्दाताई


वाल्दिविया, २७ जानेवारी

प्रिय ताई,

सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये पान रंगवणारी लुचे आहे. दोन रात्री लागल्या, पण कल्पना तुझी इतकी चांगली की मला आधी का सुचली नाही याची लाज वाटली. आम्ही तिघांनी हा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा डोळ्यांसमोर प्रयोगशाळेतली माणसं होती. चष्मा नसलेली बाई कुणाच्याच डोळ्यांसमोर नव्हती.

सीमेचं: ती तुला तिथेच बदलता येते. लुचेच्या फोल्डरमध्ये 'सीमा' नावाची साधी फाइल आहे. उघड, त्यात ८० लिहिलंय, ते पुसून हवा तो आकडा लिही आणि सेव्ह कर. संपलं. कुलूप नाही, पासवर्ड नाही, मला विचारायला नको. फक्त ८० म्हणजे शंभर ग्रॅम मांसात माणसाला चालेल इतकं विष, हे विसरू नकोस. सरकारचा कागद आल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

आणि देल्फिनला सांग, डोकं तपासून झालंय. आम्ही नाव लुचे का ठेवलं? तुम्ही रश्शात घालता ते लुचे नावाचं शेवाळ खडकावर उगवतं, कुणाच्या बापाचं नसतं, ज्याला हवं त्याने खुडावं. हेही तसंच. आतली ओळ न् ओळ उघडी आहे. कुणीही वाचावी, बदलावी, पुढच्याला द्यावी. विकत घ्यायचे तसले प्रोग्रॅम तुमच्या सोसायटीला सात जन्मांत परवडले नसते. मागच्या आठवड्यात एल साल्वादोरच्या किनाऱ्यावरून एका बाईची मेल आली, मारिबेल नावाची. तीही तुझ्यासारखीच शिंपल्या वाटते. आपण कधी भेटणार नाही, पण ती आता लुचेवरच आहे. ताई, हे वाचून मी दिवसभर शीळ घालत होतो.

तिघांतला मी एकटा उरलोय. वेरोनिका औषध कंपनीत गेली, गास्तोनला जुळं झालं. तेव्हा चुका सापडल्या तर शिव्या मलाच घाल.

मोजे राखून ठेव. हिवाळ्यात येतो.

तुझा,
ओविदिओ


केल्काय बेट, १९ मार्च

प्रिय ओविदिओ,

तुझं मागचं पत्र मी सोसायटीत मोठ्याने वाचून दाखवलं. फुकट वाटण्याचा भाग आला तेव्हा देल्फिनने टोपी काढून खाली वाकून सलाम केला.

आता हसण्यासारखं काही उरलेलं नाही. लाल भरती आली, ते डोळ्यांना न दिसणारे विषारी जीव पाण्यात वाढले. तू शहरात राहतोस, तुला वाटत असेल पाणी लाल होतं. काहीही होत नाही. समुद्र होता तसा निळा आहे, शिंपल्या होत्या तशा टपोऱ्या आहेत, किंबहुना यंदा जास्तच भरल्यात. वास नाही, चव नाही. उकळून जात नाही, लिंबानेही जात नाही. फक्त लुचेला दिसतं. फेब्रुवारीअखेर ४० होतं, मग ९५, परवा २२०. कागद छापला तर अख्खा लाल. तो मी दारावर लावला आणि बायका येऊन त्याच्यापुढे नुसत्या उभ्या राहिल्या.

सरकारने आमची खाडी शिंपल्या काढायला बंद केली. मग शेजारची. आता इथून दक्षिणेला एकही खाडी उघडी नाही. सोसायटीच्या पंचवीस होड्या वाळूवर आहेत. देल्फिनचा पाणबुड्याचा पोशाख दोरीवर वाळत पडलाय. तो रोज येतो, स्क्रीनपुढे बसतो, आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसा. काल म्हणाला, "एवढं बारीकसारीक मोजता येतं तुमच्या लुचेला. मग हे जाणार कधी, ते का नाही मोजत?" मी म्हटलं, ओविदिओला विचारते. म्हणून विचारते.

तो असंही म्हणाला, "आकडा खाली आणायला सांग भावाला." हसत म्हणाला. ओर्फेलिना त्याच्यावर ओरडली.

लोक मुख्य बेटावरचे रस्ते अडवायचं म्हणतायत. सरकारने काही द्यावं म्हणून. मीही जाईन.

झुनिल्दाताई


वाल्दिविया, ३० मार्च

प्रिय ताई,

मी तुझे सगळे आकडे घेऊन बसलो. पाण्याचं तापमान, वारा, सूक्ष्मदर्शकाखाली तू मोजलेल्या पेशी, सगळं लुचेत घालून पाहिलं. तिला आज काय आहे ते सांगता येतं. उद्याचं विचारलं की ती दर वेळी वेगळंच काहीतरी सांगते, आणि मी त्यातलं एकही उत्तर तुला लिहून पाठवणार नाही. तेवढी अक्कल तिच्यात नाही. माझ्यातही नाही. देल्फिनला सांग, हे मी मान खाली घालून लिहितोय.

पीठ, तांदूळ आणि तेल असं एक पोतं लाँचच्या कप्तानाच्या हवाली केलंय. बातम्यांत रस्त्यावर टायर जळताना दाखवतायत. पोचलं तर कळव.

ओविदिओ


केल्काय बेट, ११ मे

ओविदिओ,

पोतं पोचलं नाही. लाँच महिनाभर बंद होती, म्हणून पत्र नाही.

ओर्फेलिना गेली. २६ एप्रिलला, मंगळवारी. मी रविवारपासून मुख्य बेटावर रस्त्यावर बसलेली होते, देल्फिनही मंगळवारी सकाळी आमच्यात येऊन मिळाला. घरात पीठ संपलेलं. तिने दुपारी शिंपल्या उकडल्या. दोन्या एल्सिराला बोलावलं. एल्सिराने थोड्याच खाल्ल्या, तिचं पोट आधीच बिघडलेलं होतं. ती सांगते, ओर्फेलिना म्हणाली, "ओठांना मुंग्या आल्यात," आणि हसली. मग बोटांना. मग म्हणाली, "एल्सिरा, मला माझे पाय कळत नाहीयेत." शेजाऱ्यांनी तिला होडीत घातलं. शुद्ध शेवटपर्यंत होती म्हणतात. नुसता श्वास घेता येईना. मुख्य बेटावरच्या केयोनच्या दवाखान्यापर्यंत पोचले तेव्हा उशीर झाला होता.

तिने कागद बघून शिजवल्या. तिच्या टेबलावर कागद होता, हिरवा. एल्सिराने तो पाहिला. तुझ्या लुचेने हिरवं दाखवलं, ओविदिओ. पोलिसालाही मी हेच सांगितलंय, की प्रोग्रॅम चुकला.

आम्ही तिला मावशीशेजारी ठेवलं.

झुनिल्दा


वाल्दिविया, १९ मे

ताई,

तुझं पत्र जिन्यात उभ्यानेच वाचलं.

मी लुचे काढून टाकली. साइटवर आता फक्त एक वाक्य आहे: वापरू नका, चूक आहे, माणूस गेलं आहे. पण ताई, मला हे कुणाकुणाला सांगायचं तेच माहीत नाही. ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांची नावं मी कधी मागितली नव्हती. ते आम्हाला अभिमानाचं वाटायचं, नाव-गाव न विचारता देतो म्हणून. आता जगात कुठल्या कुठल्या खोलीत ती चालू असेल आणि मी ती बंद करू शकत नाही. ज्यांचे पत्ते होते त्यांना कळवलं. एल साल्वादोरच्या मारिबेलने उलट लिहिलं: "आमच्याकडेही भरती चालू आहे. सरकारी प्रयोगशाळा राजधानीत. मग आता मी गावाला काय सांगू?" मी तिला उत्तर दिलेलं नाही.

विद्यापीठातून रजा घेतली. पहिल्या ओळीपासून वाचत सुटलोय. स्वतःचंच लिहिलेलं, आणि जागोजाग वाटतं, हे कुणी गाढवाने लिहिलंय. गास्तोन संध्याकाळी येतो, एक जुळं काखेत घेऊन. आम्ही सीमेजवळचे आकडे घालून बघतो, उलटसुलट ताटल्या घालून बघतो, ताटल्यांचे कोपरे रिकामे सोडून बघतो. ती चुकत नाही. म्हणजे चूक असल्या ठिकाणी आहे की आम्हाला दिसत नाही.

मला त्या दिवसाचं मशीनचं मूळ वाचन हवंय. ती फाइल तुझ्या कॉम्प्युटरवर असणार. पाठव, ताई. तुझ्या पाया पडतो. देल्फिनला म्हणावं, ओविदिओने तोंड दाखवायची लायकी ठेवलेली नाही.

ओविदिओ


केल्काय बेट, १ जून

ओविदिओ,

असलं काही लिहू नकोस. तुझी लायकी काढायला आम्ही कोण?

वाचन पाठवते आहे, कारण सरकारी वकिलाच्या कचेरीतल्या माणसालाही तेच हवं होतं. तो आला, सगळ्यांचे जबाब घेतले आणि जाताना कॉम्प्युटर पिशवीत घालून घेऊन गेला. त्याआधी मी तुझ्या पेनड्राइव्हवर ती फाइल उतरवून घेतली. त्यात नुसते आकड्यांचे ढीग आहेत, मला त्यातलं काही उमगत नाही, तुलाही फार काही हाती लागेल असं नाही. तो माणूस तुलाही पत्र घालणार आहे म्हणाला.

इतकं खोदून काय होणार आहे? गेलेलं माणूस येत नाही. चूक सापडली तर सापडली, नाही तर नाही. झोपत जा. तुझ्या आईचीही तब्येत अशाच जागरणांनी ढासळली.

देल्फिन सकाळी उठून किनाऱ्यावर जातो आणि अंधार पडला की येतो. खायला वाढलं तर खातो. मी त्याच्याकडेच झोपते. परवा त्याने विचारलं, "ओविदिओने काय लिहिलंय?" मी म्हटलं, चूक शोधतोय. त्याने ताट सरकवलं आणि उठून गेला.

दोन्या एल्सिराला बरं आहे. ती आता शिंपल्यांकडे बघतही नाही.

झुनिल्दाताई


वाल्दिविया, १० जून

ताई,

ते आकड्यांचे ढीग नव्हते.

ती फाइल मी माझ्या लुचेत घातली. तीनशे बारा. पान लाल. गास्तोनच्या कॉम्प्युटरवर घातली. तीनशे बारा, लाल. जानेवारीत तुला पाठवली होती तीच लुचे परत काढून त्यात घातली. लाल. लुचेने त्या दिवशी विष बरोबर मोजलं होतं. आकड्यात काडीचीही चूक नाही.

मग हिरवं एकाच रीतीने होतं. सीमा फाइलीतला ८० काढून तिथे कुणीतरी चारशे-पाचशे लिहिलं असलं, तरच. ती फाइल कुठे आहे आणि कशी बदलायची, ते मी एका माणसाला लिहून कळवलं होतं.

ताई, का केलंस?

मी तुला ओळखतो. कुणाचा जीव जावा म्हणून तू काही करशील असं माझ्या स्वप्नातही येणार नाही. बायका दारापुढे उभ्या राहायच्या त्या तुला बघवेनात का? की कुणाला दाखवायला एकदाच छापलास आणि परत बदलायचा राहिला? जे असेल ते मला सांगता आलं असतं. त्याऐवजी तू मला एक महिना जिवंत जाळलंस. मी आरशात बघायचं सोडलं होतं. ती एल साल्वादोरची बाई महिनाभर अंदाजाने गावाला हो-नाही सांगत होती, माझ्या एका वाक्यामुळे. तिथे कुणी मेलं असेल तर ते मला कधी कळणारसुद्धा नाही.

लुचे मी काल परत साइटवर ठेवली. खाली लिहिलंय: तपासलं, चूक सापडली नाही. ते लिहून सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

सरकारी वकिलाचं पत्र माझ्या टेबलावर आहे. दोन प्रश्न आहेत. प्रोग्रॅममध्ये दोष होता का? नसल्यास निकाल हिरवा कसा छापला गेला? महिनाअखेर लेखी उत्तर द्यायचं आहे. कॉम्प्युटर त्यांच्याकडेच आहे, आज ना उद्या कुणी जाणकार ती फाइल उघडेलच. मी खोटं लिहिलं तर लुचे वापरणाऱ्या सगळ्यांना खोटं सांगितल्यासारखं होईल. खरं लिहिलं तर ते तुझ्या नावावर जाईल.

मी काय लिहू, तूच सांग.

ओविदिओ


केल्काय बेट, १८ जून

ओविदिओ,

खरं लिही.

सीमा मी बदलली. खरेदीवाल्याची लाँच येणार होती, त्याला हिरवा कागद दाखवला तर माल उचलेल असं वाटलं. रस्त्यावर बसायला निघण्याआधी केलं. परत बदलायचं राहून गेलं. एवढंच आहे, याहून जास्त मला विचारू नकोस.

तुला महिनाभर जाळलं, त्याची माफी कशी मागतात ते मला ठाऊक नाही. पोलीस दारात उभा होता, काहीतरी बोलायचं होतं, तोंडात तुझी लुचे आली. ती लांब होती. तिला तुरुंगात घालता येत नाही.

सरकारी वकिलाला मी स्वतःच कळवते आहे. तुला माझ्याविरुद्ध काही लिहावं लागणार नाही. तू फक्त प्रोग्रॅमचं लिही.

देल्फिनला यातलं काही कळवू नकोस. त्याचं नाव कुठेही काढू नकोस.

झुनिल्दाताई


केल्काय बेट, ३ जुलै

ओविदिओ,

मला पत्र लिहायची सवय नाही. ओर्फेलिना लिहायची. चुकलंमाकलं समजून घे.

झुनिल्दाने तुला काय लिहिलं ते मला माहीत नव्हतं. गेल्या बुधवारी पोलीस आला आणि तिला म्हणाला, दोन्या झुनिल्दा, तुम्ही सही केलीत, आता चौदा तारखेला कोर्टात यावं लागेल. ती चुलीपाशी होती. हात पुसून म्हणाली, "येते." मी विचारलं, कसली सही? ती म्हणाली, सोसायटीची.

पोलिसाला मी वाटेत गाठलं तेव्हा कळलं, सीमा आपणच बदलली असं तिने लिहून दिलंय.

ती नव्हती. मी होतो. तुझं पत्र तिने सोसायटीत वाचलं होतं ना, सीमा फाइल आणि ८० आणि पुसून लिही, कुलूप नाही. माझ्या डोक्यात ते बसलं. सोमवारी ती बेटावर नव्हती. मी खोली उघडली. एका बोटाने केलं. शनिवारी तिने वाटलेल्या शिंपल्यांचं वाचन तिथे होतंच, ३१२. मी ४०० लिहिलं आणि छापलं. माझ्या हातात हिरवा कागद आला तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मला क्षणभर ते खरंच वाटलं. खोटं कशाला सांगू.

खरेदीवाला संध्याकाळी आला. लाँचवरूनच त्याने कागद बघितला आणि म्हणाला, "छान रंगवलाय. सरकारी शिक्का कुठाय?" आणि निघून गेला. मी कागद घरी आणून टेबलावर टाकला. ओर्फेलिनाला काय सांगू म्हणून काहीच सांगितलं नाही. ती झोपली होती. सकाळी ती कोंबड्यांकडे गेली होती तेव्हा मी होडीत बसून रस्त्यावर गेलो. मला वाटलं, परत आलो की ८० लिहितो.

तिने टेबलावर हिरवं बघितलं. तिला वाटलं असणार, झुनिल्दाने नवं वाचन केलं. वाटणारच. तुमच्या कागदावर तिचा विश्वास होता, माझ्यापेक्षा जास्त.

झुनिल्दा मला कधी काही बोलली नाही. ओर्फेलिनाला केयोनहून परत आणलं त्या दिवशी ती आमच्या घरात शिरली, टेबलावरचा कागद उचलला आणि चुलीत घातला. मी बघत होतो. मी बघतोय हे तिला दिसत होतं.

मी पोलिसाला सगळं सांगितलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "डॉन देल्फिन, तुमची बायको गेली आहे. बहीण आत जाऊ नये म्हणून तुम्ही हे म्हणताय. घरी जा." मी केयोनला जाऊन सरकारी वकिलाला सांगितलं. त्याने विचारलं, तुम्हाला कॉम्प्युटर येतो? मी म्हटलं, नाही, पण हे केलं. तो हसला नाही, चांगला माणूस आहे, पण त्याने काही लिहूनही घेतलं नाही. सोसायटीत विचारलं तर सगळे म्हणतात देल्फिनने कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही, आणि ते खरंच आहे. खरेदीवाला म्हणतो, बंद खाडीत मी आलोच नव्हतो. तो दुसरं काय म्हणणार? त्याचं लायसन जाईल. झुनिल्दा म्हणते, तिने शनिवारी निघण्याआधी छापला आणि मीच तो सोसायटीतून घरी आणला. मी तिला ओरडून विचारलं, का असं करतेस? ती म्हणाली, "तू दाराला आतून कडी लावून घेतोस रात्री, सकाळी उघडशील की नाही म्हणून मला झोप लागत नाही."

म्हणून तुला लिहितोय. तुझ्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी लिहून राहत असेल ना, की सीमा कुणी बदलली, कधी बदलली? वार तरी? मोठमोठ्या लोकांच्या गोष्टीत असतं असं ऐकलंय. सोमवार निघाला तर ती सुटेल. सोमवारी ती रस्त्यावर होती, शंभर बायकांनी तिला तिथे पाहिलंय.

चौदा तारखेआधी कळव. लाँच आता बुधवारी आणि शनिवारी आहे.

देल्फिन


वाल्दिविया, ८ जुलै

देल्फिन,

नाही. तसं काही ती लिहून ठेवत नाही.

एकदा बैठकीत निघालं होतं ते. वेरोनिका म्हणाली होती, कुणी काय बदललं याची नोंद ठेवू या. मीच नको म्हटलं. म्हटलं, आपण काय पहारेकरी आहोत? ज्याच्या हातात आहे त्याची ती. त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

फाइलीवर कॉम्प्युटरची स्वतःची तारीख उमटते, तेही मला आठवलं. सरकारी वकिलाला फोन लावला. त्यांच्या माणसाने उघडून वाचून दाखवलं: १ जानेवारी, सतरा वर्षांपूर्वीचं. सोसायटीचा तो जुना कॉम्प्युटर, आतली बॅटरी मेलेली, विजेवरून काढून परत लावला की दर वेळी त्याच तारखेला जागा होतो. तिथल्या प्रत्येक फाइलीवर तेच आहे. मी त्याला दोनदा वाचायला लावलं.

तुझं पत्र मी जसंच्या तसं त्याला पाठवलं आणि सोबत लिहिलं की मी तुला लहानपणापासून ओळखतो आणि तू खरं बोलतोयस. तो फोनवर म्हणाला, "तुम्ही त्यांचे मावसभाऊ ना? दोघांचेही?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग मी काय समजू?"

ताईचं अकरा मेचं पत्र मी परत वाचलं. रविवारपासून रस्त्यावर बसलेली होते, असं तिने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि माझ्या आकड्यांत शिरलो. तिला विचारलं ते 'का' विचारलं. 'कुणी' असं विचारावंसं वाटलंच नाही.

बुधवारच्या लाँचने मी येतोय. येऊन काय करणार आहे, ते मला माहीत नाही. चौदाला तिच्याबरोबर कोर्टात जाऊ, एकीकडून तू, एकीकडून मी. तोवर रात्री दाराला कडी लावू नकोस. निदान तिला झोपू दे.

ओविदिओ